एकच कन्सोल परवडतो तेव्हा

माझा भाचा दहावीत आहे. आम्ही बेळगावचे; तो अनगोळला राहतो आणि मी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ. परवा क्लास सुटल्यावर तो थेट माझ्याकडे आला. सायकल भिंतीला टेकवली, दप्तर पाठीवर तसंच ठेवून पायरीवर बसला आणि म्हणाला, "मावशी, फॅनबॉय ही शिवी आहे काय गं?"

झालं होतं असं. आदल्या रात्री पाच-सहा पोरं हेडफोन लावून बोलत बसली होती. एका नव्या गेमवरून वाद निघाला, तो गेम कुठल्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रावर, चांगला चालतो यावर. भाच्याकडे प्लेस्टेशन आहे. सदाशिवनगरात राहणाऱ्या त्याच्या मित्राकडे एक्सबॉक्स. भाचा काहीतरी मुद्दा मांडत होता, तेवढ्यात मित्र म्हणाला, "तू फॅनबॉय हाईस, तुझ्याशी काय बोलायचं." बाकीचे हसले. त्यानंतर भाचा जे काही बोलला ते कुणी ऐकूनच घेतलं नाही.

मी पटकन "शिवी नाही रे" म्हणून मोकळी झाले. तो गेल्यावर मात्र वाटलं, उत्तर चुकलं. शिवी माणसाला लागते, पण शिवी खाल्लेला माणूस उलटून बोलू शकतो. फॅनबॉय म्हणजे एखाद्या कंपनीचा आंधळा भक्त; हा शब्द बोलण्याचा हक्कच काढून घेतो. एकदा फॅनबॉय ठरलं की मुद्दा बरोबर असला तरी तो मुद्दा राहत नाही, तो भक्तीचा पुरावा होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला मित्रांसमोर हे किती लागत असेल, हे समजून घ्यावं म्हणून हा लेख.

आधी शब्दाचं मूळ. 'फॅन' हा 'फॅनॅटिक'चा तुकडा आहे आणि फॅनॅटिकच्या मुळाशी 'फानुम' हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ देऊळ. देवळात अंगात आल्यासारखा वागणारा, असा तो मूळ भाव. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी 'फॅन' हा आटोपशीर शब्द रुळला. 'फॅनबॉय' हा शब्द 1919 पासून छापील सापडतो. पुढे तो कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या वर्तुळात फिरला आणि गेम खेळणाऱ्यांनी तो उचलला तेव्हा त्याला धार आली.

धार यायला कारण होतं. 1989 साली सेगा या कंपनीचा जेनेसिस हा कन्सोल अमेरिकेत आला, 1991 मध्ये तिच्या प्रतिस्पर्धी निन्टेंडोचा सुपर निन्टेंडो आला. सेगाच्या तिथल्या जाहिराती निन्टेंडोचं नाव घेऊन उघड हिणवत असत. एका कन्सोलचा गेम दुसऱ्यावर चालत नसे, आणि बहुतेक घरांत दोन कन्सोल घेण्याची ऐपत नसे. म्हणजे शाळेच्या अंगणात दोन तट पडले ते पोरांच्या हट्टामुळे नव्हे, आधी ते बाजारपेठेने पाडले. पुढे सेगा मागे पडली, प्लेस्टेशनवाली सोनी आणि एक्सबॉक्सवाली मायक्रोसॉफ्ट आल्या, तट तसेच राहिले.

आता भाच्याच्या वहीकडे येते.

दीड वर्षापूर्वी कन्सोल घ्यायचं ठरलं तेव्हा हा मुलगा तीन महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून हिशेब करत होता. नव्या कन्सोलची किंमत ऐकून त्याच्या वडिलांनी हातच जोडले होते. भारतात प्लेस्टेशन 5 फेब्रुवारी 2021 मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या कन्सोलची किंमत 49,990 रुपये होती, आणि एक्सबॉक्सच्या मोठ्या कन्सोलची किंमतही पहिल्या दिवशी तेवढीच. तेव्हा वापरलेला घ्यायचा ठरला. अर्धे पैसे वडिलांचे, अर्धे याच्या वाढदिवसाला आणि दिवाळीला जमलेल्या पैशांतून. वहीत त्याने दोन रकाने पाडले, डावीकडे प्लेस्टेशन, उजवीकडे एक्सबॉक्स, आणि प्रत्येक चांगल्या गोष्टीला एक बरोबरची खूण. त्या तीन महिन्यांत तो कुणाचाच फॅन नव्हता. सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. कन्सोल घरात आल्यावर पंधरा दिवसांत त्याला एक्सबॉक्सचं नाव नकोसं झालं.

हेच जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1956 साली मोजून दाखवलं होतं. त्याने काही स्त्रियांना घरगुती वापराच्या आठ वस्तू दाखवल्या आणि प्रत्येक वस्तू किती आवडली त्याचे गुण द्यायला सांगितलं. मग दोन वस्तू पुढे ठेवल्या: यातली एक तुमची, निवडा. निवडून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले. घेतलेली वस्तू आता आधीपेक्षा जास्त आवडत होती आणि सोडलेली कमी. मधल्या वेळात वस्तूंत काहीच बदललं नव्हतं. आणखी एक बारकावा असा की, दोन्ही वस्तू आधी जवळपास सारख्याच आवडलेल्या असतील तर हा बदल जास्त ठळक होता. लिऑन फेस्टिंगरने 1957 मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंवादाच्या सिद्धांतात हे चपखल बसतं. सोडून दिलेल्या गोष्टीचे गुण आणि घेतलेल्या गोष्टीचे दोष मनात एकत्र टोचत राहतात. ते टोचणं थांबवायचं तर निवड बदलायची, नाहीतर मत बदलायचं. पैसे देऊन झालेले असतात, म्हणून मत बदलतं.

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर 1968 मध्ये रॉबर्ट नॉक्स आणि जेम्स इंक्स्टर यांनी हेच अगदी साध्या रीतीने तपासलं. दोन डॉलरची पैज लावायला निघालेल्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल याची खात्री किती? आणि खिडकीवर पैसे भरून आलेल्यांनाही तेच विचारलं. पैसे भरलेल्यांची खात्री स्पष्टपणे जास्त होती. घोडा तोच, मध्ये गेली होती ती फक्त काही सेकंदं आणि दोन डॉलर.

दोन डॉलरने एवढा फरक पडत असेल, तर दिवाळीचे साठवलेले पैसे काय करत असतील? माझं म्हणणं इथेच आहे. ज्याला फॅनबॉय म्हणतात त्याची निष्ठा बहुतेक वेळा खरेदीच्या आधी जन्मत नाही, खरेदीनंतर जन्मते. आणि दुसरा कन्सोल घेण्याची शक्यता जितकी कमी, तितकी ती घट्ट असते. ज्याच्या घरी दोन्ही कन्सोल आहेत त्याला निष्पक्ष असणं सोपं जातं. एकच परवडलेल्या मुलाने, जे मिळालं नाही त्याच्याशी केलेला तो समझोता असतो. त्याच्यावर बोट ठेवलं की तो चिडतो, कारण बोट त्या न मिळालेल्या गोष्टीवरच पडतं.

आपल्याकडे कन्सोलवाली मुलं मूठभरच. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठेही जा, खेळ चालतो तो मोबाइलवर. तिथेही असेच दोन तट आहेत, एक बीजीएमआयचा (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आणि एक फ्री फायरचा; दोन्ही लढाईचे गेम. फ्री फायर कमी ताकदीच्या, स्वस्त फोनवरही चालतो म्हणून तो लोकप्रिय झाला. बीजीएमआय नीट खेळायचा तर फोन जरा बरा लागतो. म्हणजे कुठला गेम आवडावा हे पुष्कळ मुलांच्या बाबतीत घरातल्या फोनने ठरवलेलं असतं. मग बीजीएमआयवाले फ्री फायरला 'कार्टून गेम' म्हणून हिणवतात तेव्हा ती चर्चा ग्राफिक्सची उरत नाही. ज्याच्या हातात काकांचा जुना फोन आहे, त्याला आपण काय ऐकवतोय हे त्या पोरांच्या लक्षात येत नाही. मला ते ऐकवत नाही.

पण पैसा हे सगळ्या गोष्टींचं उत्तर नाही. पैसा अजिबात मध्ये नसतानाही माणसं तट पाडतात, आणि हे ज्याने शोधून काढलं त्याचं आयुष्य सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हेन्री ताशफेल हा पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडला, युद्धकैदी म्हणून वाचला. परत आला तेव्हा जवळचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं. 'आपला' आणि 'परका' ही रेघ किती क्षुल्लक कारणाने उमटू शकते, हा प्रश्न त्याने पुढे प्रयोगशाळेत नेला. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराजवळच्या शाळेतली चौदा-पंधरा वर्षांची मुलं घेतली. पॉल क्ले आणि वासिली कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठली आवडली ते विचारलं आणि त्यावरून दोन गट केल्याचं सांगितलं. खरं तर गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कसेही केले होते. मग प्रत्येक मुलाने, स्वतःला सोडून, इतरांना पैशांच्या रूपात मिळणारे गुण वाटायचे होते. कोण कुठल्या गटात आहे ते माहीत, पण मूल कोणतं ते माहीत नाही.

मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. हे कुणालाही अपेक्षित असेल. चटका लावणारी गोष्ट पुढची आहे. काही पर्यायांत दोन्ही गटांना भरपूर मिळालं असतं. काहींत आपल्या गटाला थोडं कमी, पण समोरच्यांपेक्षा बरंच जास्त. पुष्कळ मुलांचा कल या दुसऱ्या पर्यायाकडे होता. आपल्याला चार कमी मिळाले तरी चालतील, त्यांच्या पुढे असलो पाहिजे.

बेळगावात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीत गल्लोगल्ली किल्ले उभे राहतात. माती, दगड, गोणपाट, त्यावर पेरलेली मोहरी आणि आळीव. शेजारच्या गल्लीतली मुलं आठवडाभरापूर्वी आपल्याच वर्गातली, आपल्याच बाकावरची असतात. एकदा किल्ला उभा राहिला की त्यांचा बुरूज वाकडा दिसायला लागतो. आणि तो खरोखर वाकडा *दिसतो*, हा यातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. मूल खोटं बोलत नसतं.

दिसण्याच्या या बाबतीतला पुरावा जुना आहे. 1951 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला. भयंकर धसमुसळा. एकाचं नाक फुटलं, एकाचा पाय मोडला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल यांनी त्याच सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितलं. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच होती. भाचा आणि त्याचा मित्र एकाच गेमचे दोन व्हिडिओ शेजारी शेजारी लावून 'इथे अडकलं बघ' म्हणत भांडतात, तेव्हा दोघेही डोळ्यांना दिसलेलंच सांगत असतात.

यात मेंदूचा सहभागही तपासला गेला आहे. मीना चिकारा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या कट्टर वैरी बेसबॉल संघांच्या चाहत्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून सामन्यातले प्रसंग दाखवले. वैरी संघ अपयशी ठरताना मेंदूतला बक्षिसाच्या आनंदाशी जोडलेला भाग उजळला. वैरी तिसऱ्याच कुठल्या संघाकडून हरत असला तरी आनंद होताच. दुसऱ्या कन्सोलवरचा एखादा मोठा गेम फसला की जो जल्लोष होतो, तो असाच. त्या जल्लोषातून जल्लोष करणाऱ्याच्या पदरात काहीच पडत नाही, पण मेंदूला ते बक्षीस वाटतं.

आता शब्द फेकणाऱ्याकडे वळू, कारण त्याच्याकडे फार कमी जण बघतात.

भाच्याच्या मित्राने 'फॅनबॉय' म्हटलं तेव्हा त्याला स्वतःबद्दल काय वाटत होतं? आपण जे आहे ते बघतोय, असं. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी 2002 मध्ये दाखवून दिलं की, माणसांना पूर्वग्रहांची यादी दिली तर ते इतरांत सहज सापडतात, स्वतःत फारसे सापडत नाहीत. या आंधळ्या जागेचं कारण सरळ आहे. दुसऱ्याला आपण वागण्यावरून जोखतो, स्वतःला मात्र मनात डोकावून. पूर्वग्रह मनात डोकावून दिसत नाही, तो नजरेआड काम करतो. म्हणून आतून प्रत्येक जण स्वच्छ दिसतो, आणि समोरचा वेगळं बोलला की एकच स्पष्टीकरण उरतं: तो आंधळा भक्त आहे.

रॉस यांनी रॉबर्ट व्हॅलोन आणि मार्क लेपर यांच्याबरोबर 1985 मध्ये याची दुसरी बाजू मांडली होती. 1982 सालच्या बैरूतमधल्या हत्याकांडाच्या त्याच टीव्ही बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, तर दोन्ही बाजूंना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. एवढ्या गंभीर विषयाला जे लागू, ते गेमच्या परीक्षणालाही लागू पडताना दिसतं. परीक्षक दहापैकी आठ गुण देतो आणि एका बाजूला तो या कंपनीचा फॅनबॉय ठरतो, दुसऱ्या बाजूला त्या कंपनीचा.

याचा अर्थ फॅनबॉय नावाचा प्राणी नसतोच, असं मी म्हणणार नाही. असतो. रॉबर्ट व्हॅलेरँड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने 2003 मध्ये छंदाच्या ओढीचे दोन प्रकार वेगळे केले. एका प्रकारात छंद आयुष्यात आपली जागा घेतो आणि हवं तेव्हा बाजूला ठेवता येतो. दुसऱ्यात छंद माणसाचा ताबा घेतो, त्याच्यावर टीका झाली की स्वतःवर झाल्यासारखी वाटते, आणि सोडावासा वाटला तरी सुटत नाही. दुसऱ्या प्रकारातला माणूस धमक्या देण्यापर्यंत जातो, तेव्हा त्याला रोखायलाच हवं. पण आपल्या कन्सोलची बाजू घेणारा मुलगा आणि दुसऱ्याला छळणारा माणूस, दोघांनाही एकच शब्द लावला तर त्या शब्दाने काहीच मोजता येत नाही.

आणि ज्या कंपन्यांसाठी हे चाललंय, त्यांचं काय? सेगाने 2001 मध्ये कन्सोल बनवणंच थांबवलं आणि तिच्या गेममधला निळा नायक सॉनिक थोड्याच काळात निन्टेंडोच्या यंत्रांवर धावू लागला. ज्यांनी शाळेत त्याच्यासाठी मारामाऱ्या केल्या असतील, त्यांना काय वाटलं असेल? 2018 च्या सप्टेंबरमध्ये सोनीने फोर्टनाइट या गेमसाठी इतर कन्सोलवाल्यांबरोबर खेळण्याची वाट उघडली. 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले काही गेम इतर कन्सोलवर नेले, आणि एप्रिल 2025 मध्ये फोर्झा होरायझन 5 हा एक्सबॉक्सची ओळख मानला जाणारा शर्यतीचा गेम प्लेस्टेशनवर आला. कंपनीच्या दृष्टीने तो विक्रीचा निर्णय होता. एक्सबॉक्सच्या काही चाहत्यांना मात्र ती फसवणूक वाटली आणि त्यांनी तसं उघड बोलून दाखवलं. मला त्यांचं दुःख खरं वाटतं. फक्त ते ज्या नात्यासाठी होतं, ते नातं एकाच बाजूने होतं.

भाच्याची आणि त्या मित्राची दोस्ती तिसरीपासूनची. मित्राच्या घरी कन्नड बोलतात, याच्या घरी मराठी. दोघं एकमेकांशी बोलताना एका वाक्यात दोन्ही भाषा येतात, मध्येच हिंदी शिरते, आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नाही. या भागात मोठ्यांनी ज्या रेघेवर आयुष्यं घालवली, ती या दोघांच्या मध्ये कधी आलीच नाही. आली ती एका प्लास्टिकच्या डब्याची रेघ. हे मला फार दिवस कोड्यासारखं वाटत होतं.

ते सुटलं लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क लिव्हाइन आणि सहकाऱ्यांच्या 2005 च्या प्रयोगामुळे. मँचेस्टर युनायटेडचे चाहते असलेल्या विद्यार्थ्यांना आधी आपल्या संघाबद्दल लिहायला लावलं. मग एका इमारतीतून दुसरीकडे जाताना त्यांच्यासमोर एक तरुण घसरून पडला आणि कळवळला. तो अर्थात प्रयोगातलाच होता. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असेल तर जवळजवळ सगळे मदतीला धावले, वैरी लिव्हरपूलचा असेल तर थोडेच. पुढच्या फेरीत एकच गोष्ट बदलली. आपल्या संघाऐवजी, फुटबॉलचा चाहता असणं म्हणजे काय यावर लिहायला लावलं. आता लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही जवळपास तितकीच मदत मिळाली. साध्या शर्टवाल्याला मात्र याही वेळी फारशी नाही. म्हणजे रेघ पुसली गेली नाही, ती सरकली. माणसाजवळ अनेक 'आपण' असतात. त्या क्षणी कुठला जागा आहे, त्यावर समोरचा कोण ते ठरतं.

मुझफ्फर शेरीफ यांनी 1954 मध्ये ओक्लाहोमातल्या एका शिबिरात 22 मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली, वैर पेटलं, आणि मग पाण्याचा पुरवठा बंद पडल्याचं निमित्त करून सगळ्यांना एकत्र कामाला लावल्यावर ते निवळत गेलं. त्या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, कारण भांडण पेटवण्यात मोठ्या माणसांचाच हात होता. तरी पाण्याचा भाग मला पटतो. राकसकोप जलाशयाचं पाणी आटलं आणि नळ लांबला की आमच्या गल्लीतही टँकरपाशी कोण कुणाच्या बाजूचा हे कुणी विचारत नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा कपाटातून त्याची ती वही काढून दिली. माझ्याकडेच राहिली होती. त्याने रकाने उघडले आणि पायरीवर बसून खुणा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. डावीकडे अकरा होत्या, उजवीकडे तेरा.

"हे मी लिवलंय?"

"अक्षर कुणाचं आहे?"

"मग मी प्लेस्टेशन का घेतला?"

"खडेबाजारात तेव्हा वापरलेला तोच मिळाला होता. विसरलास?"

तो बराच वेळ पान बघत होता. गेटावरून गाडी गेली, गेट उघडलं, थांबलेल्या स्कूटर सुरू झाल्या. मग त्याने फोन काढून त्या पानाचा फोटो काढला आणि सदाशिवनगरला पाठवला. खाली काय लिहिलं ते त्याने मला दाखवलं नाही. पाच मिनिटांनी उत्तर आलं. ते वाचून वही दप्तरात टाकली, सायकल काढली आणि म्हणाला, "आईला सांग, मी त्याच्याकडं जेवतोय."